विश्लेषण : पोत्यावर 40, मागावर 38? सुताच्या नंबरामागचे गणित

सूत किलोवर विकले जाते आणि कापड मीटरवर. या दोन मापांच्या मध्ये विट्याचा यंत्रमागधारक उभा असतो. वजन देऊन आलेला माल त्याला लांबीत बदलून द्यायचा असतो. किती किलोतून किती मीटर निघतील, हे ठरवणारा आकडा पोत्यावर छापलेला असतो : 40, 30, 20. बाजारात त्याला ‘नंबर’ किंवा ‘काउंट’ म्हणतात. गल्लीतला पोरगाही ‘चाळीस नंबर सूत’ म्हणतो. पण हा नंबर नेमका कशाचा, तो कोणी मोजला, आणि मोजला तेव्हा हवा कोरडी होती की ओली, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. न विचारण्याची किंमत मागवाला मोजतो.

सांगली जिल्ह्यात विटा आणि माधवनगर या भागांत कापड विणले जाते. कापूस मात्र इथला नाही. तो विदर्भ, मराठवाडा, गुजरात इथून गिरण्यांत येतो, त्याचे सूत होते आणि सूत मागावर येते. शेतापासून मागापर्यंतच्या या प्रवासात माल अनेकदा तोलला जातो. त्यात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी साधनांनिशी तोलणारा माणूस म्हणजे दहा-बारा माग चालवणारा कारखानदार.

40 नंबर म्हणजे काय?

व्याख्या जुनी आणि इंग्रजी मापातली आहे. 840 यार्ड सुताची एक लडी. एक पौंड वजनात अशा जितक्या लड्या बसतील, तो त्या सुताचा नंबर. 40 लड्या बसल्या तर 40 नंबर. म्हणजे आकडा वाढला की सूत तलम होते. शर्टाच्या जाहिरातीत ‘60’ किंवा ‘100’ असे आकडे दिसतात ते याच जातीचे. पॉलिस्टरवाल्यांचे डेनिअर मात्र नेमके उलटे चालते : 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर, त्यामुळे तिथे आकडा वाढला की धागा जाड. एकाच मागावर दोन्ही धागे येतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो, यात नवल नाही.

40 नंबरच्या एका किलोत सुमारे 67,700 मीटर सूत भरते. 50 किलोचे पोते धरले तर जवळपास 33 लाख 87 हजार मीटर. आता समजा पोत्यावर 40 छापले आहे, पण आतले सूत 38 नंबरचे आहे. हाताला कळणार नाही, डोळ्यालाही नाही. वजनकाट्यावर पोते 50 किलोच भरेल. लांबी मात्र 32 लाख 17 हजार मीटरवर येईल. तफावत 169 किलोमीटरची. सांगलीहून साताऱ्यापर्यंत ताणला तरी उरेल एवढा धागा त्या पोत्यात नाही आणि पोत्याचे वजन तर बरोबर आहे.

कापडाच्या भाषेत सांगायचे तर असे : 50 इंच पन्ह्याचे, इंचाला 60 पिके असलेले कापड विणताना एका मीटरला आडव्या बाण्याचे 3,000 मीटर सूत लागते. धाग्याची वळणे आणि वाया जाणारे सूत यांसाठी 5 टक्के जास्त धरा, 3,150 मीटर. म्हणजे खऱ्या 40 नंबरच्या पोत्यातून 1,075 मीटरचा बाणा भरेल, 38 नंबरच्या पोत्यातून 1,021 मीटरचा. 54 मीटर गेले. कच्च्या कापडाला मीटरमागे 30 रुपये धरले तर एका पोत्यामागे 1,600 रुपयांच्या कापडाचा बाणा नाही. हा दर उदाहरणापुरता आहे. प्रत्येकाने आपला दर घालून हिशेब करावा, प्रमाण तेच राहील : 5 टक्के.

पोते न उघडता नंबर कळतो का?

नाही. उघडून मात्र अर्ध्या तासात कळतो. दीड यार्ड घेराच्या रिळावर सुताचे 80 वेढे घ्यायचे. झाले 120 यार्ड, म्हणजे लडीचा सातवा भाग, ज्याला ‘ली’ म्हणतात. तिचे वजन ग्रॅममध्ये घ्यायचे आणि 64.8 ला त्या वजनाने भागायचे. उत्तर म्हणजे नंबर. 40 नंबरची ली 1.62 ग्रॅम भरते, 38 नंबरची 1.705 ग्रॅम. फरक 85 मिलिग्रॅमचा. किराणा दुकानातल्या काट्याला तो दिसणार नाही, सराफाच्या काट्याला दिसेल. खानापूर-आटपाडीची माणसे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर गेली आहेत. मिलिग्रॅमचा हिशेब या मातीला नवा नाही. तो सुताच्या पोत्यापर्यंत आलेला नाही, एवढेच.

इथे गिरण्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कोणतीही गिरणी प्रत्येक कोनात बरोबर 40 देऊ शकत नाही. कापूस बदलतो, हवा बदलते, यंत्राची झीज होते. एका कोनाची ली 39.3 आणि दुसऱ्याची 40.6 आली तर ती लबाडी नव्हे. म्हणून एका लीवरून भांडण काढू नये. दहा वेगवेगळ्या कोनांतून दहा लिया घ्याव्यात आणि सरासरी काढावी. सरासरी 40 च्या आगेमागे राहिली तर ठीक. लॉटमागून लॉट ती 39 च्याच खाली राहू लागली, म्हणजे चूक कायम एकाच बाजूला झुकू लागली, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. नाणे दर वेळी छापाच पडत असेल तर माणूस नाणे उलटून पाहतो.

उन्हाळ्यात सूत कुठे जाते?

नंबरापेक्षा जास्त कटकटीचा भाग हवेतल्या ओलाव्याचा आहे, आणि खरे भांडण इथेच होते.

कापूस पाणी पितो. भट्टीत 105 अंशांवर पूर्ण वाळवलेले सूत उघड्या हवेत ठेवले की ते पुन्हा ओलावा घेते. किती घ्यावा याचा व्यापारासाठी एक आकडा ठरलेला आहे : कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के. भारतीय मानकांनुसार चाचणीसाठीची हवाही ठरलेली आहे : 27 अंश सेल्सिअस आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता. विट्याच्या एप्रिलमध्ये ही हवा मिळत नाही. महाबळेश्वरच्या जुलैमध्येही नाही.

एक पोते घेऊ. 8.5 टक्के ओलाव्यासह 50 किलो. त्यातले कोरडे सूत 46 किलो 83 ग्रॅम. हे पोते एप्रिलच्या कोरड्या हवेत कारखान्यात उघडे राहिले आणि ओलावा 5 टक्क्यांवर आला तर वजन भरेल 48 किलो 390 ग्रॅम. एक किलो 600 ग्रॅम गायब. कोणी चोरले नाही, धागा एक इंचही कमी झाला नाही, फक्त पाणी उडाले. तेच पोते पावसाळी हवेत 12 टक्के ओलाव्यावर गेले तर 51 किलो 600 ग्रॅम भरेल. उन्हाळा आणि पावसाळा यांत तीन किलोंहून जास्त फरक, आणि सूत तेच.

आता मजुरीवर विणणाऱ्याचा विचार करा. व्यापारी सूत तोलून देतो, कापड तोलून घेतो, आणि मधली तूट मजुरीतून वळती होते. सूत गिरणीतून ओलसर आले, कापड एप्रिलमध्ये कोरडे गेले, तर वर काढलेले एक किलो 600 ग्रॅम मागवाल्याच्या नावावर पडतात. किलोला 300 रुपये धरले तर पोत्यामागे 480 रुपयांच्या आसपास. त्याने घाम गाळला, आणि हवेने पाणी नेले त्याचे पैसेही त्यानेच भरले. पावसाळ्यात उलटे होते : कापड जड भरते, खरी नासाडी झाकली जाते आणि दोघांनाही वाटते की काम छान चालले आहे.

याला कोणी लबाडी म्हणेल, कोणी रीत. दोन्ही शब्द इथे अपुरे आहेत. मोजणीची अट लिहिलेली नसली की तोटा आपोआप त्याच्याकडे सरकतो, ज्याच्याकडे मोजायचे साधन नाही. व्यापाऱ्याच्या मनात काही असो वा नसो.

गंमत अशी की ओलावा मोजून पैसे देण्याची पद्धत याच धंद्याच्या पहिल्या पायरीवर पक्की आहे. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेते तेव्हा 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, 8 ते 12 टक्क्यांच्या मध्ये त्या प्रमाणात कपात, आणि 12 च्या वर खरेदीच नाही. शेतकऱ्याच्या गाडीत यंत्र खुपसून आकडा पाहिला जातो आणि त्याच्यासमोर पैसे कापले जातात. (तिथला 8 टक्के ओल्या वजनावर काढतात आणि सुताचा 8.5 कोरड्या वजनावर, त्यामुळे हे दोन आकडे दिसतात त्यापेक्षाही जवळचे आहेत.) जो नियम शेतकऱ्याच्या कापसाला कडक लागतो, तो त्याच कापसाचे सूत झाल्यावर बिलावर एका ओळीत का लिहिला जाऊ नये?

नंबर बरोबर, तरी धागा का तुटतो?

कारण नंबर फक्त जाडी सांगतो. मागावर धागा टिकतो तो ताकदीवर आणि एकसारखेपणावर. ली तोडायला किती पौंड जोर लागला, तो आकडा आणि नंबर यांचा गुणाकार करतात. 40 नंबरची ली 60 पौंडांना तुटली तर 2,400. धंद्यात याला सीएसपी म्हणतात. आकडा उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. लीमध्ये 80 वेढे एकदम ओढले जातात, त्यात बळकट धागे कमजोर धाग्याला सांभाळून घेतात. मागावर प्रत्येक धागा एकटा असतो. तो तुटतो सरासरीच्या ठिकाणी नव्हे, सगळ्यात बारीक ठिकाणी.

ही बारीक ठिकाणे येतात तंतूंमधून. कापसाच्या तंतूचा जाडेपणा मायक्रोनेअर या आकड्यात मोजतात, तो एक इंच तंतूचे वजन सांगतो. मायक्रोनेअर 4 असेल तर 40 नंबरच्या धाग्याच्या छेदात सरासरी 94 तंतू येतात. तोच 5 झाला तर 75. तंतू जितके कमी, तितका कुठेतरी धागा पातळ पडण्याचा संभव जास्त. त्यामुळे स्वस्त जाड कापसातून तलम सूत काढले की पोत्यावरचा नंबर बरोबर येतो आणि माग मात्र दिवसभर थांबत राहतो. कोरड्या हवेत आणखी थांबतो, कारण कापसाचा धागा ओलावा गेला की कमजोर होतो.

सातारा जिल्ह्याच्या माण-खटावमध्ये आणि सांगलीच्या जतमध्ये हेच गणित लोकरीच्या रूपात दिसते. दख्खनी मेंढीचा लोकरीचा तंतू मेरिनोच्या दुपटीहून जाड. छेदात पुरेसे तंतू बसवायचे तर धागा जाडच काढावा लागतो, आणि जाड धाग्याचे घोंगडे होते, स्वेटर होत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीवर काम केले ते जास्त कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ घडवण्यासाठी, लोकर तलम करण्यासाठी नव्हे. मेंढपाळाचा पैसा मटणात आहे, हे मायक्रॉनच्या आकड्याने केव्हाच सांगून टाकले होते. आकडा कटू असला तरी त्याने निदान फसवले नाही.

हे सगळे छोट्या माणसाला जमेल का?

‘प्रयोगशाळा लागते, आम्हाला कुठे परवडणार,’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. कापसाच्या शास्त्रीय चाचणीची मुंबईच्या माटुंग्यातली प्रयोगशाळा 1924 ची, आता ती ‘सिरकॉट’ नावाने ओळखली जाते. विट्यापासून जवळ, इचलकरंजीत वस्त्रोद्योग शिकवणारे डीकेटीई महाविद्यालय आहे. तंतूची लांबी, मायक्रोनेअर, धाग्याचा एकसारखेपणा यांसाठी अशा ठिकाणी जावेच लागेल. पण नंबर आणि ओलावा यांसाठी नाही. त्याचा पुरावा याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे.

खादीच्या चळवळीत सूत मोजण्याची रीत अशी होती : चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, 640 तारांची एक गुंडी. गुंडी होते 853 यार्डांची, म्हणजे इंग्रजी लडीच्या अगदी जवळ. आणि पौंडात जवळपास 39 तोळे. त्यामुळे गणित सोपे बसते : 40 ला गुंडीच्या तोळ्यांतल्या वजनाने भागा, सुताचा नंबर आला. गुंडी दोन तोळे भरली तर 20 नंबर, चार तोळे भरली तर 10. अचूकतेत एक-दीड टक्क्याचा फरक पडतो, पण घरात बसून कातणाऱ्या बाईला आपले सूत कोणत्या दराचे आहे हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नव्हते.

1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत 150 रुपयांच्या आत. खेड्यातल्या झोपडीत चालेल असे. एका बाईला आठ तास फार श्रम न होता चालवता येईल असे. आणि आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत. ‘भरपूर सूत’ किंवा ‘इतके शेर सूत’ असे त्यात म्हटले नव्हते. लांबी आणि नंबर दोन्ही बांधून घेतले होते, कारण नुसते वजन सांगितले असते तर जाड सूत काढून कोणीही बक्षीस मारले असते. 16,000 फूट म्हणजे सव्वासहा गुंड्या. 20 नंबरात ते साडेबारा तोळे भरते, 12 नंबरात जवळपास 21. वजनात एवढी तफावत आणि लांबी एकच.

या स्पर्धेसाठी किर्लोस्करवाडीहूनही यंत्र गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाच्या जमिनीवर उभारलेली ही वसाहत आज सांगली जिल्ह्यात आहे आणि ज्या औंधच्या राजाने जमीन दिली ते गाव सातारा जिल्ह्यात. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. अटी कडक होत्या आणि त्या सैल करून कोणाच्या तरी गळ्यात हार घालण्याचा मोह आयोजकांनी टाळला. लाख रुपये वाचले हे महत्त्वाचे नाही. माप आधी ठरले आणि मग त्याच मापाने सगळ्यांना तोलले, हे महत्त्वाचे.

मग मागणी कशाची करायची?

राज्याने 2023 ते 2028 साठी वस्त्रोद्योग धोरण आणले आहे. वीजदर, अनुदान, नवे माग यांवर यंत्रमागधारकांच्या सभांत तास-तास बोलले जाते आणि ते रास्तच आहे. पण 5 टक्के सूत मोजणीत जात असेल तर विजेत मिळालेली सवलत एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने जाते. ही गळती थांबवायला सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

बिलावर तीन गोष्टी हव्यात. वजन 8.5 टक्के ओलावा धरून काढले आहे का, हे एका ओळीत. मोजलेला सरासरी नंबर, छापलेला नव्हे. आणि लीची ताकद. मोठी खरेदी करणारे या गोष्टी मागतात आणि गिरण्या त्यांना देतात, कारण चाचणी गिरणीत रोज होतच असते. कागद तयार असतो, तो लहान गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. दहा मागांचा माणूस एकटा मागेल तर त्याला ‘दुसरीकडून घ्या’ असे उत्तर मिळेल. पन्नास जणांच्या संस्थेने एकत्र मागितले तर मिळणार नाही.

व्यापाऱ्याशी मजुरीचा करार असेल तर त्यातही एक ओळ वाढवावी : तूट काढताना सूत आणि कापड दोन्हींची वजने एकाच ओलाव्यावर आणून मग वजाबाकी. याला कोणत्याही प्रामाणिक व्यापाऱ्याची हरकत असू नये, कारण पावसाळ्यात हाच नियम त्याला वाचवतो. तेव्हा जड भरणाऱ्या कापडात खरी नासाडी लपते आणि तिचा भुर्दंड त्याच्यावर बसतो.

आणि संस्थेच्या कार्यालयात एक रीळ, मिलिग्रॅमचा एक काटा, हवेतला ओलावा दाखवणारा एक मापक आणि एक वही. नव्या लॉटचे पोते फुटले की दहा कोनांतून दहा लिया. वहीत तारीख, गिरणी, लॉट, त्या वेळची आर्द्रता, दहा वजने, सरासरी. ही वही सगळ्या सभासदांना पाहता यायला हवी, व्हॉट्सअॅपच्या गटावर फोटो टाकला तरी चालेल. वर्षभराने कोणत्या गिरणीचा 40 खरोखर 40 असतो आणि कोणाचा 39 च्या खाली घसरतो, हे विट्यात प्रत्येकाला ठाऊक झालेले असेल. पुढच्या दिवाळीआधी भाव ठरवायला बसताना ती वही टेबलावर ठेवावी.